अर्धं दाखवलेलं गाणं

चूक माझी होती, आणि ती नकळत झालेली नव्हती. तो कार्यक्रम खरा प्रश्नमंजुषेचा नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जिला मी त्यात नेऊन बसवलं, तिला मात्र मी सांगितलं की ही ज्ञानाची स्पर्धा आहे.

घोलवडला आमची चिकूची वाडी आहे. माल कमी असतो तेव्हा पॅकिंगची शेड रिकामीच पडते. मुंबईची काही मंडळी चित्रीकरणाला जागा शोधत आली आणि त्यांना ती शेड आवडली. टीव्हीवरची विनोदी मालिका. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, आणि दर भाग दुसऱ्याच कुठल्या तरी कार्यक्रमाचं सोंग घेऊन येणारा. एक बातम्यांचं, एक पाककृतींचं. आमच्याकडचा भाग प्रश्नमंजुषेचं सोंग घेणार होता. तीन स्पर्धकांपैकी दोघे नट. तिसरं माणूस खरं हवं होतं, ज्याला यातलं काहीच माहीत नाही असं. त्यानं बरोबर उत्तर दिलं की ते चूक ठरवायचं आणि त्याचा चेहरा टिपायचा.

"तीच तर गंमत आहे," दिग्दर्शक म्हणाला. "फक्त त्यांना आधी सांगू नका, सर."

मी हसलो, आणि माणूसही मीच सुचवलं.

तलासरीकडच्या एका पाड्यातली ही बाई माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे चिकू उतरवायला येते. ती धवलेरी आहे. तिच्या पाड्यात वारली लग्नाला भटजी लागत नाही. धवलेरी गाऊन लग्न लावते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, म्हणजे चौकोनी चित्र काढतात, त्यात देवी बसते, आणि धवलेरीचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. मी तिला बाय म्हणतो. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, तरी मला दादा म्हणते. ते मला कधी खटकलं नाही, हेही इथं लिहायला हवं.

चार दिवस तिच्या सुनेनं तिला पुस्तकातून राज्यांच्या राजधान्या वाचून दाखवल्या. चित्रीकरणाच्या दिवशी मी तिला जीपमधून आणायला गेलो तेव्हा ती नवं लुगडं नेसून तयार होती.

"दादा, मेघालय शिलाँग. बरोबर?"

"बरोबर, बाय."

"मग त्यांना मिझोरमपण विचारायला सांगा. तो पक्का आहे."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. तेव्हाही सांगता आलं असतं.

शेडमध्ये आमच्याच क्रेटना चंदेरी रंग मारून टेबलं केली होती. सूत्रसंचालकानं विचारलं, "आदिवासी लग्न कोण लावतं? पर्याय तीन. भटजी, बँडवाला, फोटोग्राफर."

"यात उत्तर नाय," ती म्हणाली. "धवलेरी लावते. मीच लावते."

भोंगा वाजला. "चूक. बरोबर उत्तर, फोटोग्राफर."

"फोटोवाला जेवून जातो. तो कसा लग्न लावील?"

सगळे हसले, तीही हसली. त्या दिवशी शेडमध्ये झालेला एकमेव खरा विनोद तिचा होता. टीव्हीवर तो कापून टाकला.

मग तिला गाऊन दाखवायला सांगितलं. तिनं कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "लग्न नाय, मांडव नाय. आणि दादा, सुरू केलं तर पुरं करावं लागतं. मधी सोडता येत नाय."

"कर पुरं, बाय. कोण अडवतंय?"

हे वाक्य माझं आहे.

तिनं सुरू केलं. चौथ्या ओळीला भोंगा वाजला आणि सूत्रसंचालक ओरडला, "वेळ संपली." ती थांबली नाही. दिग्दर्शकानं कॅमेरा बंद करायची खूण केली. दिवे उतरवले, वायरी गुंडाळल्या, नट चहाला बाहेर गेले. ती डोळे मिटून गात राहिली. मी एका पालथ्या क्रेटवर बसून होतो. आदरानं बसलो होतो असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. उठून जायची लाज वाटली, एवढंच. बऱ्याच वेळानं गाणं संपलं. तिनं जमिनीला हात लावून नमस्कार केला, पाणी प्यायली आणि विचारलं, "नंबर आला का?"

"कळवतील," मी म्हणालो.

पुढे तो भाग लागला. डहाणू रोडला स्टेशनसमोर एका दुकानदारानं मला तो मोबाइलवर दाखवला. "शेठ, तुमची शेड फेमस झाली." गाणं सुरू होतं, भोंगा वाजतो, तिचं उघडं तोंड दिसतं, आणि लगेच ती मान खाली घालून बसलेली. ते बसणं चित्रीकरण सुरू व्हायच्या आधीचं होतं. ते उचलून भोंग्यानंतर चिकटवलं होतं, म्हणजे भोंग्याला घाबरून ती गप्प बसली असं दिसावं. वरून हशा ओतला होता. आमच्या शेडमध्ये त्या वेळी कुणीही हसलं नव्हतं. दुकानात मात्र लोक हसले. त्यांच्याबरोबर मीही.

घरी येऊन मी दिग्दर्शकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, आम्ही प्रश्नमंजुषांची थट्टा करतोय. त्यांची नाही."

मग सगळ्या शेडमध्ये तिला एकटीलाच का सांगितलं नव्हतं? नटांना माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं. ज्याला थट्टा कळते तो थट्टेत सामील असतो. ज्याच्यापासून ती लपवली, थट्टा त्याचीच असते. याला विडंबन म्हणतात म्हणे. हीच मंडळी आली तेव्हा वाढवणच्या बंदरावर दोन विनोद घालू म्हणत होती. बंदराविरुद्ध तिथले लोक रस्त्यावर उतरतात, हे कळल्यावर तो विषय गपचूप सोडला. पाड्यातली एक बाई रस्त्यावर उतरणार नव्हती. तिच्यावर हसायला हिंमत लागत नव्हती.

पाड्यातल्या लोकांना हशाचं फारसं वाटलं नाही. त्यांना लागलं ते वेगळंच. तिची सून चिकू उतरवायला आली तेव्हा तिनं मला सांगितलं. "लग्नाची दोन बोलावणी परत गेली. लोक बोलतात, हिनं गाणं अर्धं सोडलं. हिच्या तोंडून आमचं लग्न नको."

"पण तिनं पुरं केलं होतं."

"आम्ही तेच सांगतो. पण ऐकलं कुणी? तुम्ही एकट्यानं." एवढं बोलून तिनं जाळीची काठी उचलली आणि ती झाडाकडे गेली.

त्यानंतरही मी दोन महिने गप्प राहिलो. तिनं पुरं केलं असं सांगायचं, तर मला आधीपासून सगळं ठाऊक होतं हेही सांगावं लागलं असतं. शिवाय त्या मंडळींचा आणखी एक भाग माझ्याच शेडमध्ये ठरत होता. तो मी रद्द केला, पण फार उशिरा, आणि त्यात कसलंही शौर्य नाही.

शेवटी तिच्या अंगणात गेलो. ती वाल सोलत बसली होती.

"बाय, मी चुकलो."

तिनं हातातली शेंग सोलून संपवली. "मला काय सांगता? मी पुरं केलं ते मला ठाव आहे. ज्यांना ठाव नाय, त्यांना सांगा."

त्याच आठवड्यात पाड्यात एका मुलीचं लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं जमली होती. धवलेरी कोण, यावरच बोलणं अडलं होतं. मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो आणि बोलायची परवानगी मागितली. मुलीच्या आजोबांनी मान हलवली.

मी सांगितलं की तो कार्यक्रम खोटा होता. भोंग्यानंतर ती थांबली नाही, शेवटच्या ओळीपर्यंत गायली, आणि ते ऐकणारा मी तिथं होतो.

आजोबांनी विचारलं, "शेठ, खोटा आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिला नेलं त्याच्या आधी."

ती बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याकडे वळलो. "बाय, तुझा तमाशा होणार हे माहीत असून मी तुला नेलं. खोटं सांगून नेलं. तू विचारलंस तेव्हा पुरं कर म्हणालो, आणि तू गाणं अर्धं सोडलंस असं लोक म्हणत होते तेव्हा तोंड मिटून बसलो. मी माफी मागतो. या सगळ्यांसमोर मागतो."