समुद्रावर निजलेली मैत्रीण

नगरच्या कॉलेजात आम्ही तिघी बरोबर होतो. पुढे एकीच्या नवऱ्याची मेक्सिकोत बदली झाली आणि तिच्या आग्रहाखातर आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. तिथून तिघींनी समुद्रकाठचं एक रिसॉर्ट गाठलं.

माझ्याबरोबर आलेली मैत्रीण शेवगावकडची. लहानपणी विहिरीत पडल्यापासून तिला पाण्याची धास्ती. आम्ही दोघी लाटांत डुंबायचो आणि ती माडाखाली बसून शहाळं पीत आमच्याकडे बघायची.

एका सकाळी मात्र ती आपणहून पाण्यात आली. म्हणाली, “मला बी पाठीवर तरंगायचंय. तुमी खालून हात धरा, पन मी म्हणेपर्यंत सोडायचं न्हाई.”

आम्ही तिला अलगद आडवी केली. तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं, डोळे गच्च मिटलेले. बऱ्याच वेळाने तिचे खांदे सैल पडले.

“आता सोडा,” ती म्हणाली.

आम्ही हात काढले. ती तरंगत राहिली. मग तिने डोळे उघडले आणि आभाळाकडे बघत म्हणाली, “लई शांत हाय गं हितं.”

मला भरून आलं. इतकी वर्षं जपलेली भीती तिने आमच्यादेखत, कसलाही गाजावाजा न करता पाण्यात सोडली होती.

परत आल्यावर तिने नगरमध्ये पोहण्याचा क्लास लावला. आता ती सरळ खोल पाण्यात सूर मारते.