देव कोण नेणार

हिराबाईंनी अंगठ्याला शाई लावून घेतली आणि कागदाच्या वर हात धरून थांबल्या.

“आधी सांगा,” त्या भावांना म्हणाल्या, “देव कोन नेनार?”

ठाण्यात कोर्टाच्या मागे वकिलाचं ऑफिस. दोन भाऊ, त्यांची ही विधवा बहीण, वकील आणि मी. मी इस्टेट एजंट. शिक्षण चौथी. आधी घरोघर डबे पोचवायची. कुठली खोली रिकामी, कुठली होणार, ते आपोआप कळायचं. त्यातून हा धंदा लागला. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची, ठाण्याचे भाव चढायला लागले तेव्हाची.

घर कोलशेत गावठाणातलं, खाडीच्या बाजूला. मालक बाळाराम वारले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मागे दोन भाऊ, दत्तू आणि अनंता, आणि बहीण हिराबाई. कायद्याने तिघांचा सारखा हिस्सा. दत्तू कळव्याला फ्लॅटमध्ये, अनंता डोंबिवलीला. हिराबाई नवरा गेल्यावर माहेरी आलेल्या, त्या वीस वर्षं याच घरात. बाळारामचं जेवणखाण, आजारपण, सगळं त्यांनी केलेलं.

बहीण हक्कसोड देणार, असं भावांनी मला सांगितलेलं. हक्कसोड म्हणजे माझा हिस्सा मी सोडला, असं लिहून देणं. बहिणी लिहून देतात आणि साडी घेऊन जातात. असे पंधरा-वीस कागद मी पाहिलेले. हिराबाई मग राहणार कुठे, हे मी विचारलंही नाही. माझं काम घर विकायचं. गिऱ्हाईक पक्कं होतं. जवळच्या कंपनीतले फोरमन, साताऱ्याकडचे शिंदे. टोकन दिलेलं. अट एकच, तीन महिन्यांत रिकामा ताबा. म्हणजे घरात ना माणूस, ना सामान. नाहीतर टोकन परत.

त्यातले दोन महिने गेलेले.

“देव म्हणजे?” वकिलाने विचारलं.

“देव म्हंजे देव. सात टाक हायत.”

टाक म्हणजे देवांचे, पूर्वजांचे ठसे उमटवलेले चांदीचे छोटे पत्रे. ते ज्याच्या घरी, त्याच्याकडे रोजची पूजा, चैत्रात बोकडाचा मान आणि सगळ्या भाऊबंदांना जेवण. लेकीने मात्र माहेरचे देव न्यायचे नाहीत. लेक दुसऱ्या घरची. म्हणजे वीस वर्षं ज्या बाईने पूजा केली, तिला ते उचलून नेता येत नव्हते.

“दादा मोठा,” अनंता म्हणाला. “मोठ्याकडे जातात देव.”

“मी तिसऱ्या माळ्यावर राहतो. बोकड काय जिन्यात कापू?”

“मग मी कसे नेऊ? माझ्या गळ्यात माळ आहे.”

“कधी घातलीस रे? गेल्या शिमग्याला तर…”

“शिमग्यानंतरच घातली.”

वकील म्हणाला, “हे बघा, देव ही काही लीगल अडचण नाही.”

“मग तुमी न्या,” हिराबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि उठल्या. त्या दिवशीची माझी फेरी फुकट गेली.

मी शिंद्यांना जाऊन विचारलं, देव्हारा तसाच राहिला तर चालेल का. ते म्हणाले, “मावशी, छप्पर गळकं असलं तरी घेईन. पण दुसऱ्याचे देव घरात ठेवणार नाही. त्या देवांचं काही करायचं राहून गेलं तर माझ्या पोरांना भोवायचं.” यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझं सासर त्याच बाजूचं. आम्हीही तेच म्हटलं असतं.

मग मी भावांना उपाय सुचवला. खाडीत सोडा. भंगलेल्या मूर्ती लोक सोडतातच. दोघांना तो फार आवडला. रविवार ठरला. होडीवाला सांगितला.

मला वाटलं होतं, हिराबाई रडतील, आडव्या पडतील. तसं काही नाही. त्यांनी टाक ताटात मांडून ठेवलेले. हळदकुंकू वाहिलेलं. ताट ओट्यावर ठेवून म्हणाल्या, “घ्या. आनि जो सोडील त्यानं तोंडानं म्हनायचं, आमच्या घरान्याला देव नको.”

दत्तूने अनंताकडे बघितलं. अनंताने होडीकडे. होडीवाल्याने विडी पेटवली. भरती उतरायला लागली.

शेवटी दत्तू माझ्याकडे वळला. “मावशी, तुम्हीच सोडा ना. तुम्ही परक्या. तुम्हाला काय होणार नाही.”

“माझं कमिशन दोन टक्के,” मी म्हटलं. “त्यात हे बसत नाही.”

होडीवाला हसला आणि चिखलात होडी रुतायच्या आत निघून गेला. मी पाणी मागायला आत गेले. हिराबाईंनी तांब्या दिला.

“हिराबाई, खरं सांगा. देवांची सोय लागली तर अंगठा द्याल?”

“देईन.”

“आणि राहाल कुठे?”

“सा म्हयने दत्तूकडं, सा म्हयने अनंताकडं. तसं बोलतात.”

मी पाणी पीत होते. त्या म्हणाल्या, “बाय, देव दिवसाला वाटीभर भात खातात. तो पन परत मीच खाते. तरी त्यांना कोन घरात घेत नाय. मना घेतील?”

असे सहा-सहा महिने मी बरेच पाहिले होते. दुसऱ्याच महिन्यात माणूस ट्रंक घेऊन खोली शोधत माझ्या दारात उभा राहतो. मी तांब्या ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर पडले. तिथे एक खोली होती, जाळी आणि सरपण ठेवायची. दार वेगळं, गल्लीत उघडणारं. मी पावलांनी मोजली. दहा बाय अकरा.

दया आली म्हणून मोजली नाही. सौदा मोडत होता म्हणून मोजली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वकिलाकडे बसवलं. हक्कसोड नको, वाटणीपत्र करा. पुढचं घर भावांचं, ते विका. मागची खोली हिराबाईंची. देव तिथे जातील. घराबाहेर गेले नाहीत, म्हणजे लेकीने नेले असंही होत नाही.

“खोली देवांच्या नावावर करा,” दत्तू म्हणाला. “बायच्या नावावर कशाला?”

“देव रजिस्ट्रारकडे अंगठा द्यायला येतील?”

“मावशी, तुम्ही एजंट आमच्या की तिच्या?”

“मी घराची एजंट. ते असं विकलं जातंय. दुसरं गिऱ्हाईक असेल तर आणा.”

दोघे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शिंद्यांनी एक खोली कमी म्हणून भाव पाडला, आणि मधली भिंत नऊ इंची हवी असं लिहून घेतलं. मुदत संपायला चार दिवस राहिले तेव्हा अनंताचा फोन आला. त्याच्या बायकोने हिशोब सांगितला होता. अशाने देव कोणालाच न्यावे लागत नाहीत. ही गोष्ट मी वकिलाकडेच सांगितलेली, पण ती घरातल्या माणसाने सांगावी लागते.

हिराबाईंनी अंगठा दिला. त्याआधी वाचून दाखवलेलं दोनदा ऐकलं.

त्या पुढे बरीच वर्षं त्या खोलीत राहिल्या. चैत्रात भाऊ बायकापोरांसह यायचे, जेवून जायचे. अनंतासाठी वरणभात वेगळा असायचा. भाव पडल्यामुळे माझं कमिशनही कमी झालं. ते कोणी भरून दिलं नाही, मीही मागितलं नाही.

वारसाचं घर आलं की वकील मृत्यूचा दाखला बघतो, घरपट्टीची पावती बघतो. त्याने बघावं. मी तेव्हापासून आधी विचारते, इथे रोज दिवा कोण लावतं. अडणारी सही बहुतेक त्याच माणसाची असते.