कुलरच्या स्टँडवरचा शनी

आमच्या शेजारच्या सरांइतकी आभाळाची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या अकोल्यात दुसरा नसेल. आयटीआयतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, सरांनी दुर्बीण केली. नळी पीव्हीसी पाइपची, बैठक जुन्या कुलरच्या लोखंडी स्टँडची. ढगाचा तुकडा दिसला की त्यांचं जेवण सुटायचं. मी दाढी करत असलो तरी फोन यायचा, "शनी जागेवर हाय ना?" जसा काही तो माझ्या अंगणात बांधलाय.

यंदा मात्र काळजीला कारण होतं. बाळापूरला दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीची नजर काचबिंदूनं चालली होती. उरलीसुरलीही जाणार, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. ताईंचं लग्न साडेसातीपायी तीन वर्षं अडलं होतं. ज्यानं छळलं त्याचं तोंड एकदा पाहू द्या, एवढंच त्यांचं मागणं.

एका रात्री ताई माहेरच्या, म्हणजे सरांच्याच गच्चीवर येऊन बसल्या. दुर्बिणीचा आस उत्तरेला लागला तरच शनी काचेत टिकतो, नाहीतर सरकून जातो, आणि ताईंच्या डोळ्याला ठरायलाच वेळ लागायचा. सरांनी मोबाइलमधलं होकायंत्र लावून तो स्टँडवर ठेवला आणि उत्तर शोधायला घेतली. उत्तर कधी स्टेशनकडे, कधी माझ्या स्वयंपाकघराकडे. एवढ्या लोखंडावर होकायंत्र बिघडणारच, पण तीस वर्षं लोखंड शिकवलेल्या माणसाला ते सुचेना. सरांना घाम फुटला. शनी समोरच्या बिल्डिंगमागे जायला आला होता.

"काहून घाबरून राहिला रे?" ताई म्हणाल्या. "उन्हाळ्यात आपल्या खाटा कशा राहत होत्या इथं? डोकं जिन्याकडं, पायाशी ध्रुव."

त्या उठल्या, चाचपत जिन्याच्या भिंतीला पाठ लावली आणि समोर हात केला. त्यांना स्वतःला तो तारा दिसत नव्हता. बोट मात्र बरोबर त्याच्यावर होतं.

सरांनी मोबाइल खिशात घातला, स्टँड फिरवला. शनी काचेत थांबला. ताईंनी बराच वेळ डोळा लावला.

"कडं दिसते रे. एवढासा तं हाय," त्या म्हणाल्या. "उगीच भेली मी याले."

सर पाठ फिरवून रुमाल शोधत राहिले.

आता ताईंना काहीच दिसत नाही. रोज दिवेलागणीला त्यांचा बाळापूरहून फोन येतो, शनी जागेवर हाय का म्हणून. ढग असले तरी सर हो म्हणतात. मला मात्र ते आता विचारत नाहीत, आणि दाढी करताना मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.