येडूची साळा आन न मोजलेली पोरं

माजा भाऊ येडू जाऊन पंधरवडा झाला. लोक म्हंत्यात, लई भला माणूस. हुता की. पर माज्या डोस्क्याला ताप हुता.

आमी सांगोल्याकडची मेंढरंवाली. दिवाळी झाली की कळपामागं बिऱ्हाड घिऊन हिंडायचं, मग सरकारी साळंत आमची पोरं टिकायची कशी? बाहत्तरचा दुस्काळ सरल्यावर येडू म्हनला, साळाच कळपामागं न्यायची, मास्तर मीच हुतो. फळा घोडीवर बांदला. मिसरूड फुटल्याला गडी आन शेंबडं पोर एकाच पैलीत. पोरी जास्त, थोरली पोरं मेंढरामागं. मैंदर्गीच्या ईरप्पाची दोगं तर नुसती कानडीच बोलायची.

मग साळा तपासाय सरकारी साहेब आला. म्हनला, पंचवीस पोरं दिसली तर साळा मान्य, मास्तरला पगार. पोरं त्याहून जास्तच हुती. पर आमच्यात जिवाचा आकडा सांगत न्हाईत, मेंढरू असू द्या न्हाईतर लेकरू. नजर लागती.

साहेबानं शेजारच्या पालावरच्या मायाक्काला इचारलं, "बाई, पोरं किती?"

"एक हाय की."

चार तिच्या लुगड्याला लोंबकळत हुती.

"मग ही कुनाची?"

"देवाची."

साहेब बोटानं मोजाय लागला, तर बायांनी पोरं वड्याकडं पिटाळली. हजेरीतली नावं खोटी म्हनला साहेब. "मास्तर, तुमीच सांगा, किती पोरं?"

आता तरी सांगावं का न्हाय? पोरास्नी खडं मांडून बेरीज शिकवनारा ह्यो! म्हनतो कसा, "हायती की साहेब, बिरोबाच्या दयेनं."

मी मागनं वराडले, "आरं, आकडा सांग की मुडद्या!"

"आक्का, तू गप."

साहेब गेला, पगारबी गेला. ह्यो मातूर फळा घिऊन हिंडतच ऱ्हायला. ज्या पालावर भाकरी मिळंल तितं खायची, उघड्यावर निजायचं. औंदा गारठ्यात छाती भरली आन गेला.

येडूच्या धाव्याला कुटनं कुटनं बिऱ्हाडं आली. आंगन पोरांनी भरलं. मायाक्का चारीबी घिऊन आली. थोरला आता समद्यांचं टपाल वाचून दावतो.

मी म्हनलं, "तवा साहेबाम्होरं कुटं गेल्ती गं ही?"

ती डोळं पुसत म्हनली, "हितंच हुती की आक्का. सांगितलं न्हाय येवढंच."

मग भाकरी थापाय बसले. कुनाची खानारी किती म्हनून बायास्नी इचारलं, तर एक जनी सांगंल तर शपथ!