ऐकू येणाऱ्यांची मूकबधिर शाळा

मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मी तिला बहिरी म्हटलं नाही. "आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आमच्या घरात सगळे वेळेआधी बोलतात आणि नको तेच बोलतात, हे गावाला माहीत होतं. तरी कुणी मला तोंडावर खोडून काढलं नाही. लोक अशा वेळी फार चांगले वागतात, माघारी बोलतात. शेवटी बीडच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही, हे कागदावर आलं.

आमचं गाव केज तालुक्यातलं. गावच्या शाळेत तिला पहिलीत घातलं. गुरुजींनी तिला शेवटच्या रांगेत खिडकीपाशी बसवलं आणि पंधरा दिवसांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, पोरगी गुणाची हाय. तरास काईच न्हाई. पण मी इकडं शिकवतो अन् ती खिडकीतून शेळ्या बघती."

"गुरुजी, तिला ऐकायला येत नाही."

"तेच म्हणतो मी. असल्या लेकरांसाठी येगळ्या शाळा असतात. तिथं टाका. आमी सादी माणसं."

ही सादी माणसं फळ्याकडं तोंड आणि पोरांकडं पाठ करून शिकवायची. ऐकू येणाऱ्या पोरांनासुद्धा त्यातलं फार काही कळत नव्हतं.

त्या साली पाऊस झाला नाही. ऊस उभा वाळला, साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. नवरा कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. त्याला चेअरमन साहेबांच्या चारा छावणीवर जनावरं मोजायला पाठवलं. चेअरमन साहेबांकडं तालुक्यातल्या प्रत्येक दुःखासाठी एक संस्था होती. दुधाला संघ, दुष्काळाला छावणी आणि बहिऱ्या लेकरांना निवासी शाळा.

या शाळेचे सचिव एक दिवस जीप घेऊन थेट आमच्या दारात आले.

"वैनी, असं लेकरू आमच्याच शाळेत पायजे."

माझ्या मुलीला कुणीतरी 'पाहिजे' म्हणतंय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. टँकर चौथ्या दिवशी यायचा, तरी मी त्यांना तांब्याभर पाणी आणि वर चहा दिला.

दोनच दिवसांनी मी मुलीला घेऊन गेले. शाळा कारखान्याच्या रिकाम्या गोदामात होती. भिंतींना अजून साखरेचा वास होता आणि मुंग्यांची रांग. त्या दिवशी नेमकी अनुदानाची सरकारी तपासणी होती, म्हणून सचिवांनी मुलीला लगेच गणवेश घालून वर्गात बसवलं आणि मला दाराशी उभं केलं. चाळीसेक पोरं, सगळी नव्या कपड्यात, सगळी गप्प. आपल्या लेकरासारखी एवढी लेकरं आहेत, हे बघून मला भरून आलं.

मग दुसऱ्या रांगेत भावकीतली पोरगी दिसली. आदल्याच दिवशी टँकरपाशी घागरीवरून ती माझ्याशी भांडली होती आणि तिचा आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला होता. तिनं मला बघितलं, ओठावर बोट ठेवलं आणि मान खाली घातली. तेव्हा मी बाकीचे चेहरे नीट बघितले. बहुतेक पोरं छावणीतली होती. माणसं जनावरांसोबत छावणीत राहत होती, त्यांचीच पोरं टेंपोत भरून आणली होती.

तपासणीचे साहेब वयस्कर, सावकाश चालणारे. ते वर्गाच्या मागं जाऊन उभे राहिले आणि चष्मा पुसत, आवाज न चढवता म्हणाले, "बाहेर लाडू वाटायलेत. ज्याला पायजे त्यानं पळा."

सगळा वर्ग उठला. दोन बाकं आडवी झाली. माझी मुलगी आणि आणखी तिघं तेवढी जागेवर राहिली आणि ही सगळी कुठं निघाली म्हणून एकमेकांकडं बघायला लागली.

मुख्याध्यापक जरासुद्धा बिचकले नाहीत. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, ही आजच आलेली हाय. अजून शिकली न्हाई."

साहेब हसले. मग चेअरमन साहेबांच्या बंगल्यावर जेवायला गेले. त्यांनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. शाळा अजून चालू आहे.

टेंपो पोरांना घेऊन छावणीकडं गेला. मी मुलीचा हात धरून निघणार, तेवढ्यात खऱ्या तिघांना शिकवणारी बाई पुढं आली. परभणीकडची, तरुण, खुणांच्या भाषेचं शिक्षण घेतलेली. त्या गोदामात खरी अशी तीन पोरं होती आणि ही चौथी. ती मुलीसमोर जमिनीवर बसली. पेला दाखवला, खूण केली. खिडकीतली शेळी दाखवली, खूण केली. मग माझ्याकडं बोट करून आपल्या नाकपुडीवर, मोरणी असते तिथं, बोट टेकवलं. मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि तसंच बोट नाकाला लावलं. सहा वर्षांत तिनं मला पहिल्यांदा हाक मारली.

"इथं ठेवू का हिला?" गावच्या शाळेतलं सगळं सांगून मी विचारलं.

"मी हाय तवर ठिवा. पण खुणा आल्याबिगर गावच्या शाळेत परत बसवू नका. तिथं ती पाव्हणी व्हती. अन् तुमीबी शिका."

वसतिगृहात ठेवायला मी नाही म्हटलं. नवरा घाबरला. "चेअरमन साहेबाला न्हाई कसं म्हणावं?" मी म्हटलं, तुम्ही म्हणू नका, मी म्हणते. रोज सकाळी त्याच्यासोबत छावणीच्या टेंपोत बसून आम्ही दोघी शाळेत जायचो. सचिव म्हणाले, "वैनी, आई कावून बसती वर्गात? नियमात न्हाई." मी म्हटलं, "मग माझंबी नाव पटावर घ्या. सगळी छावणी घेतलीच हाय." परत त्यांनी विचारलं नाही.

वर्षभरानं बाईंना दुसरीकडं नोकरी लागली. त्याच महिन्यात गुरुजी आमच्या घरी आले. निम्मं गाव ऊसतोडीला, उरलेलं छावणीत. त्यांचा पट घसरला होता आणि शाळा बंद पडायची भीती होती.

"बाई, लेकरू आपल्याच गावच्या शाळेत पायजे. चारचौघांत मिसळलं पायजे."

मी एवढंच सांगितलं की मुलगी पहिल्या रांगेत बसेल, तुम्ही पोरांकडं तोंड करून बोलाल आणि मी आठवड्यातून दोनदा येऊन सगळ्या वर्गाला खुणा शिकवीन. गुरुजींनी तिन्ही गोष्टी कबूल केल्या. स्वतः ते तीनच खुणा शिकले: बस, गप आणि चूक. पोरं सगळ्या शिकली. परीक्षेत एकमेकांना हातांनी उत्तरं सांगायची आणि गुरुजी वर्गाच्या शिस्तीचं कौतुक करायचे.

चौथीनंतर मी तिला लातूरकडच्या मुलींच्या मूकबधिर शाळेत घातलं. तिथं सगळ्या शिक्षकांना खुणा येतात, पोरी खऱ्या आहेत आणि डाळ पातळ असते. ही तक्रार तिनंच मला हातांनी ऐकवली. नवरा अजून शिकतो आहे. मागच्या दिवाळीत त्यानं 'मावशी आली' सांगताना म्हशीची खूण केली. मुलगी संध्याकाळभर हसत होती. माझ्या बहिणीला त्याचं कारण आम्ही अजून सांगितलेलं नाही.