कौसाबाई आणि साहेबांची लाल बिअर

कौसाबाई देसले हातभट्टीवर जन्मली नव्हती, तिला तिथे दिली होती. पंधराव्या वर्षी, वांगणीपलीकडच्या डोंगराखालच्या पाड्यावर, बाळाजी देसलेच्या घरात. सोयरीक जुळवणाऱ्याने सांगितलं होतं की मुलगा पावसाळ्यात भात लावतो आणि उन्हाळ्यात भट्टीवर असतो. भट्टी खरी होती, फक्त विटांची नव्हती.

ओढ्याच्या काठाला, करवंदीच्या जाळीत तीन पिंपं गळ्यापर्यंत पुरलेली असायची. त्यांत गूळ, नवसागर आणि ओढ्याचं पाणी. ते आठ दिवस कुजवायचं, मग पत्र्याच्या डब्यात ओतून चुलीवर चढवायचं. कुजलेल्या पाण्याला सगळे रसायन म्हणायचे. ते ढवळायचं काम कौसाबाईकडे आलं. सासू राजाबाईने पहिल्याच दिवशी तिला पिंपाजवळ कान न्यायला लावलं आणि सांगितलं, "ऐक. बुडबुड करतंय ना? बोलतंय तवर त्याला कोंडायचं नाय. कोंडलंस तर तोंडावर येल."

बाळाजी मारायचा. ढवळायच्या बांबूने मारायचा, चपलेने मारायचा, हाताला काही लागलं नाही तर नुसत्या हाताने. कौसाबाई वीस वर्षांची असताना एकदा जाळ जास्त झाला आणि दारूची सगळी धार करपली. त्याने तिचा डावा हात कोपराखाली धरला आणि तापलेल्या डब्यावर टेकवला. कातडी डब्यालाच चिकटली. राजाबाई चार हातांवर लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही, सोलायचीही थांबली नाही. पुढे कितीतरी वर्षं कौसाबाईला हाताच्या आगीपेक्षा तो लसणीचा वास जास्त आठवायचा.

बाळाजी मेला तोही त्याच जागी, आणि भर दुपारी. ओढ्यापलीकडच्या दोघांना ती जाळी त्यांच्या भट्टीसाठी हवी होती. बोलाचाली झाली, मग कोयता निघाला. पहिला वार खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. बाळाजी पिंपात उलटा पडला. कौसाबाईने त्याला पाय धरून बाहेर ओढला, तेव्हा रसायन लाल झालं होतं आणि त्याच्या तोंडातून गुळाचा फेस येत होता. तिचा सुजित तेव्हा चार वर्षांचा होता. दहावं झालं आणि तिने कुऱ्हाड घेऊन तिन्ही पिंपं फोडली. राजाबाई आडवी आली, तशी कौसाबाईने कुऱ्हाड नुसती वर धरली. म्हातारी बाजूला झाली.

त्यानंतर तिने लोकांची भातं लावली, विटा वाहिल्या, स्टेशनाजवळच्या नव्या इमारतींच्या पायऱ्या पुसल्या. सुजित मोठा झाला, मोरिवलीजवळच्या कारखान्यात लागला, अक्षदा सून म्हणून आली. आणि कौसाबाईला प्रधानांच्या फार्महाऊसवर काम मिळालं.

यज्ञेश प्रधान अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मोठे अधिकारी होते. शनिवार-रविवारी बायकोला, ऋताताईंना घेऊन वांगणीला यायचे. बोलायला गोड माणूस. कौसाबाईला मावशी म्हणायचे, तिच्या गुडघ्यासाठी मलम आणायचे, सुजितची चौकशी करायचे. कौसाबाईला ते मनापासून आवडायचे. नंतर तिला याच गोष्टीचा जास्त राग आला.

गेल्या वर्षी साहेबांना बिअर बनवायचा नाद लागला. मागच्या खोलीत एसी बसला, स्टीलची मोठी पातेली आली, झाकणावर काचेची नळी असलेलं पांढरं पिंप आलं, आणि ढवळायला हातभर लांबीचा सागवानी दांडा आला, पुढे वल्ह्यासारखा चपटा. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात घालायचे, ते पाणी गाळून कडू फुलं टाकून उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं. कौसाबाई दारातूनच बघायची. पहिल्यांदा पिंप फसफसलं आणि तो आंबूस वास व्हरांड्यात आला, तेव्हा ती फडकं टाकून थेट फाटकापर्यंत चालत गेली.

साहेब मागून आले. "काय झालं, मावशी?"

"मला दारूच्या खोलीत काम सांगू नका, साहेब."

"ही दारू नाही हो. एल आहे. बिअरच, पण जरा खानदानी." ते हसले. "मी स्वतः पितो, विकत नाही."

"माझा नवरा पण आधी स्वतःच प्यायचा," कौसाबाई म्हणाली. पण काम सोडलं नाही.

सवयीने माणूस कशालाही सरावतो. दोन महिन्यांत ती त्या खोलीत झाडू मारू लागली, आणि कान आपोआप पिंपाकडे जाऊ लागला.

उन्हाळ्यात साहेबांनी फळाची एल करायचं ठरवलं. उल्हासनगरच्या सिंधी दुकानातून सुकवलेल्या क्रॅनबेरीची पाकिटं आणली. लालभडक, करवंदासारखी आंबट. कौसाबाईने एक चोळून बघितली आणि बोटं पुढे केली. "साहेब, याला तेल लावलंय. गरम पाण्यात धुवा आधी." पाकिटावर बारीक अक्षरात तसंच लिहिलेलं होतं. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. फळं धुतली, ठेचली, गरम पाण्यातून काढली आणि आंबून झालेल्या एलमध्ये सोडली. पिंप आठवड्याभरात लाल झालं. त्या रंगाकडे कौसाबाईने फारसं बघितलं नाही.

याच दिवसांत तिला ऋताताईंचा दंड दिसला. मे महिन्याच्या उकाड्यात त्या लांब बाह्या घालून होत्या. भांडी विसळताना बाही वर सरकली. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, हिरवट-जांभळे.

"काय लागलं, ताई?"

"स्कूटरवरून पडले."

स्कूटरला बोटं नसतात, हे कौसाबाईला कुणी शिकवायला नको होतं. तिने बशी पुसून जागेवर ठेवली. घरी जाताना वाटेत ती दोनदा थांबली आणि दोनदा पुढे चालू लागली. विचारून काय होणार होतं? नोकरी गेली असती. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. लसूण सोलणारी म्हातारी आता आपणच झालो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

पुढच्या रविवारी कंपनीतले पाहुणे जेवायला येणार होते, म्हणून साहेबांनी त्याच्या आधीच्या रविवारी एल बाटल्यांत भरायला काढली. कौसाबाईने पिंपाला कान लावला. "साहेब, अजून बोलतंय. थोडे दिवस जाऊ द्या."

"साखर मोजायच्या नळीत आकडा आलाय बरोबर, मावशी."

"फळातली साखर अजून खातंय ते. कोंडू नका."

साहेब हसले. ऋताताईंना चमच्याने साखर मोजून प्रत्येक बाटलीत घालायला सांगितली, म्हणजे फेस येतो. चाळीस बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, खोलीत ओळीने लावून ठेवल्या. त्या आठवड्यात वांगणीला दोन दिवस वीज नव्हती. बंद खोली तव्यासारखी तापली.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ऋताताई बाटल्या आणायला आत गेल्या. पहिली बाटली फुटली तेव्हा कौसाबाईला वाटलं सिलिंडर गेला. मग दुसरी, तिसरी, मग मोजता येईनात. काचा छताला लागून खाली पडत होत्या. ऋताताई दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला टेकल्या होत्या. नडगीत बोटभर काच घुसली होती, पायाखाली लाल फेस पसरत होता आणि त्यात कुठला फळाचा, कुठला माणसाचा, हे कळत नव्हतं.

साहेब धावत आले. त्यांनी आधी बाटल्यांकडे बघितलं.

"साखर किती घातलीस?"

"तू सांगितलीस तेवढीच, यज्ञेश. माझा पाय बघ ना."

"किती घातलीस?"

"एकेक चमचा."

पहिली थप्पड अशी बसली की ऋताताईंचं डोकं भिंतीवर आपटलं. दुसरी उलट्या हाताची. त्या खाली बसल्या, तसं साहेबांनी पोटात लाथ घातली. मग केस धरून त्यांना काचांवरून ओढलं आणि त्यांचा उजवा हात मनगटापाशी धरून काचांच्या ढिगावर दाबला. "हे तूच गोळा करायचं. पाहुणे यायच्या आत. हातानं."

कौसाबाई दारात होती. तिच्या डाव्या हाताची जुनी कातडी ताणल्यासारखी झाली. भिंतीला सागवानी दांडा टेकून ठेवला होता. तिने तो उचलला.

"साहेब, सोडा त्यांना."

त्यांनी मान वळवली. आवाज अगदी नेहमीचा, चहा मागताना असायचा तसाच. "मावशी, तुम्ही बाहेर जा."

"साखरेनं नाय झालं. मी सांगितलेलं तुमाला."

"बाहेर जा म्हटलं ना."

आणि त्यांनी तो हात अजून खाली दाबला. ऋताताई ओरडल्या नाहीत, फक्त श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला.

कौसाबाईने दांडा साहेबांच्या खांद्यावर घातला. साहेब उठले, हाताला लागलेली अख्खी बाटली फेकून मारली. ती तिच्या भुवईवर फुटली आणि डावा डोळा रक्ताने भरला. उरलेल्या डोळ्याने तिने त्यांचा उजवा हात बघितला आणि त्यावरच दांडा आणला. हाड मोडल्याचा आवाज तिला ओळखीचा होता, यावेळी तो दुसऱ्याच्या अंगातून आला. ते पुढे आले, तिने गुडघ्यावर घातला. साहेब काचांवर पडले.

चौथ्यांदा दांडा वर गेला. खाली डोकं होतं. कौसाबाईने हे पुढे कुणापासून लपवलं नाही, की त्या क्षणी तिला तो डोक्यातच घालायचा होता. समोर यज्ञेश प्रधान नव्हता, बाळाजी होता, आणि तिला चाळीस वर्षांचा हिशेब एका फटक्यात मिटवायचा होता.

"मावशी, पुरे," ऋताताई म्हणाल्या. "पुरे आता."

दांडा खाली आला, जमिनीवर. बाहेर पाहुण्यांच्या गाडीने फाटकाशी हॉर्न वाजवला.

कंपनीतल्या प्राची नावाच्या बाईंनी ऋताताईंच्या पायाला ओढणी बांधून त्यांना बदलापूरच्या दवाखान्यात नेलं. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की बाटल्या फुटून बायको जखमी झाली आणि त्या गोंधळात कामवालीचं डोकं फिरलं. संध्याकाळी कौसाबाई भुवईला चार टाके घेऊन चौकीत बाकावर बसली होती. समोरच्या फौजदाराने विचारलं, "का मारलंस?"

"ते बाईला मारत होते."

"बाईंचा जबाब आलाय. काचांवर पडले म्हणतात."

कौसाबाई जराशी हसली. "मी पण तसंच सांगायचे, साहेब. जाळावर पडले."

गुन्हा दाखल झाला, जामीन मिळाला. सुजितने तिला घरी आणलं. दारात आल्यावर म्हणाला, "आई, तुला काय पडलेली? मोठी माणसं आहेत ती. ती बाई तुझ्यासाठी एक शब्द बोलली नाही."

"बोलंल."

"आणि नाही बोलली तर?"

"तर नाय बोलली. मी काय तिच्या साक्षीसाठी मारला?"

अक्षदाने सासूला पाणी दिलं आणि नवऱ्याला, "आता बस," एवढंच सांगितलं.

नवव्या दिवशी पाड्यावर रिक्षा आली. ऋताताई लंगडत उतरल्या. उजव्या हाताला बँडेज, ओठाला खपली. खुर्ची दिली तर त्या घेईनात, ओटीवर कौसाबाईच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"मी खोटं बोलले, मावशी."

"माहिती हाय."

"तो उशाशी बसला होता, पोलिस विचारत होते तेव्हा. पाय चेपत होता माझे." त्यांनी बँडेजची सैल झालेली पट्टी आत खोचली. "अकरा वर्षं झाली. कॉलेजच्या मैत्रिणींना पण माहीत नाही. तुम्हाला कधी कळलं?"

"दंड बघितला तवा."

"मग बोलला का नाहीत?"

कौसाबाईने हातातलं धान्याचं सूप खाली ठेवलं. याला उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते सांगायला लाज वाटत होती. "भ्याले," ती म्हणाली. "नोकरी जाईल म्हणून भ्याले. तेवढे दिवस तुमी जास्त मार खाल्लात."

ऋताताई रडल्या नाहीत. त्यांनी बँडेजचा हात कौसाबाईच्या भाजलेल्या हातावर ठेवला आणि कशाने झालं ते विचारलं. आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं, सुजितने सुद्धा. कौसाबाईने डब्यापासून कोयत्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगून होईस्तोवर ऊन ओटीवरून अंगणात उतरलं. मग दोघी त्याच रिक्षाने चौकीत गेल्या आणि ऋताताईंनी जबाब बदलून दिला, दंडापासून काचांपर्यंत, तारखा आठवतील तेवढ्या तारखांसह. खोलीतल्या बाटल्यांचंही सांगितलं, परवाना नव्हता हेही.

आता दोन खटले चालू आहेत, एक साहेबांवर, एक कौसाबाईवर. साहेबांच्या मनगटात सळई आहे. कंपनीने त्यांना रजेवर पाठवलंय. ऋताताई बदलापूरला भाऊ-भावजयीकडे राहतात, एका शाळेत शिकवतात. त्यांची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. फार्महाऊसला कुलूप आहे. कौसाबाई वांगणीच्याच एका नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरते.

मागच्या तारखेला उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर वकिलाने तिला समजावलं, "आजी, बाटल्या फुटत होत्या, तुम्ही घाबरलात, दांडा चुकून लागला, असं सांगा. सोपं जाईल."

"चुकून नाय लागला."

"अहो, पण मी काय सांगतोय..."

"तीन फटके मारले," कौसाबाई म्हणाली. "तिन्ही बघून मारले. चौथा मारायचा होता, त्या बाईनं सांगितलं म्हणून थांबले. हे असंच लिहा."

वकिलाने सुजितकडे बघितलं. सुजितने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला पायऱ्या चढायला हात दिला.