बशांवरचं आईचं अक्षर

"हा ठ माझा आहे, वन्सं."

"ठ कुणाच्या बापाचा असतो का गं, वहिनी?"

"बघा की नीट. वाटोळं मिटलंच नाही. माझं कधीच मिटत नाही. शाळेत मार खाल्लाय त्याच्यापायी!"

रेघवाली भिंतीवर लावलेल्या बशांकडं बघत राहिली. कपबशांच्या कारखान्यात तिचं काम कडेच्या निळ्या रेघेचं. कप फिरत्या चाकावर ठेवायचा, कुंचला टेकवायचा, श्वास धरायचा. उभी हयात रेघेत गेली, म्हणून नावही तेच पडलं. आई गेल्यावर भावानं घर ठेवून घेतलं आणि हिच्या हातावर तेलकट चिठोऱ्या ठेवल्या, आईच्या स्वैपाकाच्या कृतींच्या. "तुला चित्रांची हौस, घेऊन जा," म्हणाला. आईनं आपल्याला हेच मागं ठेवलं, असं मनाला बजावून ही कामाला लागली. टाकाऊ बशा घरी आणायच्या, अक्षर जसंच्या तसं उतरवायचं आणि कारखान्याच्या भट्टीत भाजून घ्यायच्या. 'मिठ बेताने' मधली पहिली वेलांटी चुकलेली, तर चुकलेलीच. नाचरी ओळ तशीच. त्या उघड्या 'ठ'पाशी तर तिचा कुंचला थांबायचा. म्हातारीचा हात किती थरथरला असेल, तरी लिहिलंन!

मालकानं त्या बशा दर्शनी भिंतीवर लावल्या, वर पाटी: 'आईचं अक्षर'. भावजयीला हिनं मुद्दाम बोलावलं. घर गेलं तुमच्याकडं, पण आई माझ्याकडं आहे, हे तिला दाखवायचं होतं.

"सासूबाई सांगायच्या, मी लिहायची," वहिनी म्हणाली. "पोर कडेवर. ते हिसके द्यायचं, म्हणून ओळ नाचलीय. चिठोऱ्या शोधून थकले मी. ह्यांनी तुम्हाला दिल्या होय?"

आईचं अक्षर आपण कधी पाहिलं, हे रेघवाली आठवू लागली. वाण्याचं सामानसुद्धा आई तोंडी सांगायची. सहीपुरतं यायचं.

"पण लिहायला लावलं कुणासाठी?" आपल्यासाठी असेल, या आशेनं विचारलं आणि तिनं जीभ चावली.

"माझ्यासाठीच की. माझ्या हाताला चव नव्हती ना. ताट सरकवून द्यायच्या." वहिनीनं बशीवर बोट ठेवलं. "हे 'बेताने' शिकण्यापायी काय काय बोलणी खाल्ली मी! आणि तुम्ही ते भिंतीवर चढवलंत. पाटी तेवढी काढा, वन्सं."

"पाटी राहील."

"अक्षर कुणाचं आहे ते दिसतंय की."

"दिसू दे. माझी आई आहे ती."

"ठेवा मग. मला मेलीला कोण विचारतंय?" वहिनीनं पदर खोचला आणि ती तरातरा निघून गेली.

रेघवालीनं एक बशी उतरवली. भाजलेला रंग, नखानं थोडाच निघतोय! तरी 'ठ'वर तिनं दोनदा नख ओढलं.

"अगं ए रेघवाली, कप खोळंबलेत!" मुकादम आतून ओरडला.

बशी परत खिळ्याला अडकवून ती आत गेली. चाकाला हात मारला, कुंचला निळ्यात बुडवला आणि श्वास धरला.